बी.ए.एम.एस. नंतर व्यवस्थापनशास्त्र : प्रवेश-अर्जाची पूर्वतयारी

पुण्याहून पौडकडे जाताना भूगाव-भुकूमच्या उत्तरेस लवळे हे गाव आहे. एके काळी आंबेमोहोर तांदूळ, मुळशी धरण आणि १९२१ चा सत्याग्रह यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात आज लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस अभिमत विद्यापीठाचे संकुल उभे आहे. त्यातच व्यवस्थापनशास्त्राची सिंबायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस मॅनेजमेंट ही १९७८ साली स्थापन झालेली संस्था आहे. पायथ्याशी त्याच विद्यापीठाची आरोग्यविज्ञान संस्था व रुग्णालय आहे. जवळच फ्लेम विद्यापीठ आहे. हिंजवडीतही व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्था आहेत. मुळशी तालुक्यातील आपल्या व्यवसायबंधूंच्या दवाखान्यांवरून या संस्थांच्या बसगाड्या रोज जातात. परंतु या शिक्षणाचा आपल्या मुलांशी किंवा आपल्या हाताखाली काम करणाऱ्या तरुण वैद्यांशी काही संबंध असू शकेल, असे आपल्यापैकी फारच थोड्यांना वाटते.

हा संबंध आहे, असे आमचे मत आहे. सिंबायोसिसची स्थापना १९७१ साली करणारे डॉ. शां. ब. मुजुमदार हे मूळचे फर्ग्युसन महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. व्यवस्थापनाचे शिक्षण ही केवळ अभियंते व वाणिज्य पदवीधर यांचीच मिरास असण्याचे कारण नाही.

गेल्या काही वर्षांत या विषयी विचारणा करणारे तरुण साधारण तीन प्रकारचे असतात. पहिले, आंतरवासिता संपत आलेले व पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत मनासारखे गुण न मिळालेले. दुसरे, पुण्यातील रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून दोन-चार वर्षे रात्रपाळ्या केलेले, आणि आपल्या शास्त्राशी संबंध नसलेले काम अल्प वेतनात किती काळ करावे, या प्रश्नाने ग्रासलेले. तिसरे, औषधनिर्मिती करणाऱ्या घराण्यांतील मुले-मुली. या तिघांचे अर्ज एकसारखे असू शकत नाहीत. मात्र तिघांचीही समजूत एकच असते, की आपली पदवी हे एक वैगुण्य आहे आणि ते कसेबसे झाकून नेले पाहिजे. सारी तयारी चुकते ती या समजुतीने.

पात्रता व दिनांक

पात्रतेचा प्रश्न मुळात कठीण नाही. बहुतेक व्यवस्थापन संस्थांची अट मान्यताप्राप्त विद्यापीठाची किमान तीन वर्षांची कोणत्याही शाखेतील पदवी आणि खुल्या वर्गासाठी ५० टक्के गुण अशी असते. आपली पदवी आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची असून, उत्तीर्ण होण्यासाठीच प्रत्येक विषयात लेखी व प्रात्यक्षिक मिळून नव्हे, तर दोहोंत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण लागतात. तेव्हा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परीक्षा जो उत्तीर्ण झाला तो ही अट आपोआपच पूर्ण करतो. वाणिज्य शाखेत सहज पंचाऐंशी टक्के मिळविणाऱ्यांपुढे आपले अठ्ठावन्न टक्के पाहून अनेकजण खचतात. तेही अनाठायी आहे. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था उमेदवारांचे त्यांच्या विद्याशाखेनुसार गट करते व पदवीच्या गुणांचे मोल त्या गटातच ठरविते. इतर काही भारतीय व्यवस्थापन संस्थाही अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांच्या उमेदवारांना काही अधिक गुण देतात. वर्गात एकाच साच्याचे विद्यार्थी नसावेत, हा त्यामागील हेतू.

खरी अडचण दिनांकांची आहे आणि तिच्याकडे कोणी वेळेवर लक्ष देत नाही. अर्ज भरताना पदवीच्या अंतिम टप्प्यात असलेल्यांस परीक्षेला बसता येते. पण प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेने नेमून दिलेल्या मुदतीत पदवीच्या सर्व अटी पूर्ण झालेल्या असाव्या लागतात. आपल्याकडे या अटींत आंतरवासिता येते. अंतिम परीक्षेचा निकाल लांबला, एखादा विषय राहिला किंवा आंतरवासिता उशिरा सुरू झाली, की ती ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत जाते. व्यवस्थापनाचे वर्ग मात्र जून-जुलैतच सुरू होतात. परीक्षेत उत्तम गुण मिळवून, मुलाखत पार करून, केवळ आंतरवासितेचे दोन महिने शिल्लक म्हणून जागा सोडावी लागणे यासारखे दुःख नाही. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आपल्या आंतरवासितेचा शेवटचा दिवस कोणता, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे, आणि तो संस्थेच्या मुदतीनंतर येत असेल तर त्या वर्षी अर्जच करू नये. ते एक वर्ष काम करण्यात घालवावे. ते वाया जात नाही, हे पुढे येईलच.

आंतरवासितेविषयी आणखी एक गोष्ट. पदवीचा अनिवार्य भाग असल्याने ती कार्यानुभव म्हणून धरली जात नाही. अर्जात ती अनुभवाच्या रकान्यात लिहिणे म्हणजे अकारण शंकेला जागा देणे होय.

गणिताची भीती

आपले बहुतेक विद्यार्थी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकतात. सात-आठ वर्षांनी त्याच गणिताचे नाव प्रवेशपरीक्षेत पाहून ते मागे फिरतात. वास्तविक कोणती परीक्षा द्यावी याचा निर्णय गणिताचा वाटा पाहून करता येतो. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत २०० प्रश्न व १५० मिनिटे असतात. त्यांतील ५० प्रश्न गणिताचे, ५० भाषेचे आणि उरलेले १०० तर्काचे व आकृतितर्काचे. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. सिंबायोसिसच्या स्नॅप परीक्षेत ६० मिनिटांत ६० प्रश्न : भाषेचे १५, तर्काचे २५, गणित व माहिती-विश्लेषणाचे २०, चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा. कॅट परीक्षा मात्र तीन विभागांची, प्रत्येकी ४० मिनिटांची असून, एक संपूर्ण विभाग गणिताचा असतो व उत्तम संस्था प्रत्येक विभागात स्वतंत्र किमान गुणांची अपेक्षा करतात. ज्याचे गणित दुबळे आहे त्याने पहिल्या वर्षी राज्याच्या परीक्षेवर व स्नॅपवर भर द्यावा, हे उघड आहे. परीक्षांचे स्वरूप मधूनमधून बदलते, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहूनच निश्चय करावा.

शिवाय हे गणित बहुतांशी दहावीपर्यंतचेच असते : शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग, नफा-तोटा. स्नेहकल्पनेत कल्क, स्नेह व द्रव यांचे एकास चार, चारास सोळा हे प्रमाण ज्याने हाताळले, क्वाथ अष्टमांश उरवावा की चतुर्थांश याचा हिशेब ज्याने केला, त्याला गुणोत्तर परके नाही. फरक एवढाच, की परीक्षेत ते एका मिनिटात करावे लागते. तर्काच्या बाबतीत तर आपले विद्यार्थी पुढे असावयास हवेत. सुश्रुतसंहितेतील बत्तीस तंत्रयुक्ती पदार्थविज्ञानाच्या तासाला घोकून झाल्या, की कोणी पुन्हा उघडून पाहत नाही. परंतु स्पष्ट न सांगितलेला अर्थ सांगितलेल्यावरून काढणे, ही जी अर्थापत्ती, तिच्यावरच तर्कविभागातील कित्येक प्रश्न आधारलेले असतात. रोज एक तास, वर्षभर, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविल्या तर बहुतेकांना पुरेसे होते. केवळ शेवटच्या तीन महिन्यांत शिकवणी लावून भागते, या भ्रमात राहू नये.

कालगणना उलट्या क्रमाने करावी. वर्ग जून-जुलैत. राज्याची परीक्षा सामान्यतः त्याआधीच्या मार्च-एप्रिलात, स्नॅप डिसेंबरात, कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस. या दोहोंचे अर्ज ऑगस्टपासून. म्हणजे अभ्यासाचा प्रारंभ आदल्या वर्षीच्या जानेवारीत झाला पाहिजे.

आपल्या कामाचा हिशेब

राज्याच्या परीक्षेतून होणाऱ्या प्रवेशात मुख्यतः परीक्षेचे गुण पाहिले जातात. मुंबईची जमनालाल बजाज संस्था किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग यांसारख्या, तुलनेने अल्प शुल्काच्या जागा त्या मार्गाने मिळतात. सिंबायोसिस, फ्लेम, भारतीय व्यवस्थापन संस्था येथे मात्र मुलाखत असते, कोठे लेखनही असते, आणि मुलाखतीचा वाटा मोठा असतो. येथेच आपला उमेदवार एक तर तरून जातो किंवा बुडतो.

‘मला लहानपणापासून व्यवस्थापनाची आवड आहे आणि आयुर्वेद जगभर पोहोचविण्याचे माझे स्वप्न आहे’ अशा आशयाचे निवेदन आम्ही किती वेळा वाचले असेल, त्याची गणती नाही. परीक्षकांनीही ते तितक्याच वेळा वाचलेले असते. याउलट, उदाहरणादाखल, कोळवण खोऱ्यात दवाखाना चालविणाऱ्या एखाद्या वैद्येने असे लिहिले असे समजा : ‘माझ्याकडे वसंत ऋतूत वमनासाठी व शरदात विरेचनासाठी एकाच महिन्यात इतके रुग्ण येतात की परिचारिका अपुऱ्या पडतात, आणि ज्येष्ठात त्याच परिचारिकांना काम नसते. दोन वर्षांच्या नोंदी पाहून मी वर्षा ऋतूतील बस्तीचे वेळापत्रक आधीच ठरवून देऊ लागले. रिकामे दिवस निम्म्यावर आले. दुसरा दवाखाना काढताना हे कसे साधावे, हे मला ठाऊक नाही, म्हणून मला हे शिकावयाचे आहे.’ या चार वाक्यांत व्यवस्थापनाचा एकही पारिभाषिक शब्द नाही. तरी मागणीतील चढउतार, मनुष्यबळाची विभागणी आणि विस्ताराची अडचण हे तिन्ही विषय त्यांत आले आहेत.

असे लिहिता येण्यासाठी नोंदी असाव्या लागतात. आपल्याकडे रुग्णपत्रक काटेकोर असते, परंतु व्यवसायाची नोंद बहुधा मालकाच्या डोक्यात असते. अर्ज करू इच्छिणाऱ्याने निदान एक वर्ष आधीपासून एक वही ठेवावी : महिन्यास नवे रुग्ण किती, पुन्हा आलेले किती, पंचकर्माचा सल्ला दिलेल्यांपैकी प्रत्यक्ष करून घेणारे किती, न करणाऱ्यांनी कारण काय सांगितले. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतील कटिशूलाचे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात येतात, पण सलग आठ दिवस बस्तीसाठी येऊ शकत नाहीत; हे सर्वांनाच ठाऊक आहे. आकड्यांत ते कोणी मांडले आहे काय?

औषधनिर्मात्यांच्या मुलांकडे तर सामग्री अधिकच. च्यवनप्राशासाठी आवळा हिवाळ्यात एकदम खरेदी करावा लागतो, पैसा तेव्हाच गुंततो आणि विक्रेत्याकडून परत येण्यास महिने लागतात. चूर्णाची वापरण्याची मुदत आसवारिष्टांच्या मानाने पुष्कळच कमी. मग कोणते औषध किती तयार करून ठेवावे, आणि मुदत संपून परत आलेल्या मालाचा भार कोणी सोसावा? २००० साली शेड्यूल टी अन्वये उत्तम निर्मितिपद्धतीचे नियम आले, तेव्हा ज्या लहान फार्मसींनी जागा, यंत्रे व प्रयोगशाळा यांचा खर्च पेलला त्या कशा टिकल्या, आणि ज्यांनी दुसऱ्याच्या कारखान्यात माल करून घेण्याचा मार्ग पत्करला त्यांनी काय कमावले व काय गमावले, याचे उत्तर घरातील जेवणाच्या पाटावर मिळू शकते. पनवेलचे धूतपापेश्वर १८७२ पासून आणि सांडू १८९९ पासून टिकून आहेत. त्यांच्या बरोबरीने निघालेल्या कितीतरी नावांचा आज मागमूस नाही. व्यवस्थापनाच्या वर्गात परदेशी कंपन्यांची उदाहरणे शिकविली जातात. आपल्या उमेदवाराने स्वतःच्या घरचे उदाहरण न्यावे.

मुलाखतीत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला : वैद्यकाची जागा अडवून आता ते सोडून का जाता? यावर ‘सोडत नाही’ असे नुसते म्हणून भागत नाही. महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेची नोंदणी चालू ठेवली आहे, आठवड्यातून काही वेळ रुग्ण पाहतो, असे सांगता येणारा उमेदवार वेगळा वाटतो. पदव्युत्तर प्रवेश हुकला म्हणून आलो असेल तर तसे सरळ सांगावे. परीक्षक गुणपत्रिकेवरून ते ओळखतातच. दुसरा प्रश्न : आयुर्वेदास पुरावा काय? येथे अनेक तरुण एक तर चिडतात किंवा ओशाळतात. दोन्ही घातक. या प्रश्नाचे व्यवस्थापकीय अंग पाहावे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर भारत सरकारने निर्यात होणाऱ्या वनौषधी उत्पादनांसाठी जड धातूंची चाचणी जानेवारी २००६ पासून सक्तीची केली. रसशास्त्र शिकलेला मनुष्य या घटनेविषयी शोधन-मारणाचे शास्त्र, कच्च्या मालाची शुद्धता, चाचणीचा खर्च व परदेशी ग्राहकाचा विश्वास या चारही बाजूंनी बोलू शकतो. अभियंत्याला ते जमणार नाही.

सर्वसाधारण व्यवस्थापन घ्यावे की रुग्णालय व्यवस्थापन, याविषयी मतभेद आहेत. लवळ्याच्या आरोग्यविज्ञान संस्थेत किंवा १९८४ साली स्थापन झालेल्या जयपूरच्या आय.आय.एच.एम.आर. संस्थेत वैद्यकीय पदवीधर नवलाईचे नसतात. तेथे प्रवेश त्या मानाने सुकर, परंतु नोकरीचे क्षेत्र रुग्णालये, विमा व आरोग्यसेवा यांपुरते राहते. निवासी अधिकारी म्हणून रुग्णालय आतून पाहिलेल्यांस हा मार्ग योग्य. फार्मसी सांभाळावयाची असेल तर वित्त व विपणन शिकविणारा सर्वसाधारण अभ्यासक्रमच घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. ज्यांना चालू दवाखाना सोडता येत नाही त्यांच्यासाठी इग्नूची रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनाची पदविका आहे. तिचे मोल नोकरीच्या बाजारात कमी, स्वतःच्या व्यवसायात बरेच.

खर्चाचा विचार भावनेने करू नये. नामांकित खासगी व अभिमत संस्थांत दोन वर्षांचे शुल्क व निवास मिळून दहा लाखांपासून वीस-पंचवीस लाखांपर्यंत सहज जाते. पंधरा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे १९,८०० रुपये येतो. निवासी अधिकाऱ्याच्या वेतनातून तो निघणार नाही. म्हणजे शिक्षणानंतर लगेच तालुक्यात परतून दवाखाना काढण्याचा विचार असणाऱ्याने इतके कर्ज काढू नये. राज्याच्या परीक्षेतून शासकीय वा विद्यापीठीय जागा मिळेपर्यंत थांबावे.

ज्येष्ठांचे दाखले

आता आपल्यासारख्या ज्येष्ठ व्यावसायिकांचा भाग. वर ज्या अनुभवाचा उल्लेख केला, तो कागदावर असल्याखेरीज संस्था मानत नाहीत. आपल्याकडे मात्र सहायक वैद्यांस वेतन रोख दिले जाते, नेमणुकीचे पत्र नसते, आणि दोन वर्षे इमानाने राबलेला तरुण जेव्हा दाखला मागतो तेव्हा औषधयोजनेच्या कागदावर ‘हे माझ्या परिचयाचे असून सुस्वभावी आहेत’ एवढे लिहून दिले जाते. अशा दाखल्याने त्याची दोन वर्षे हिशेबातून गळून पडतात. नेमणूक करतानाच दिनांक, पद व वेतन लिहिलेले पत्र द्यावे. वेतन बँकेतून द्यावे. आपल्यालाही ते आयकराच्या दृष्टीने सोयीचे. काम सोडताना द्यावयाच्या दाखल्यात कामाचा प्रारंभ व शेवट यांचे पूर्ण दिनांक, काम पूर्णवेळ होते की अर्धवेळ, आणि आपला नोंदणी क्रमांक असावा.

काही संस्था, विशेषतः परदेशी, शिफारसपत्र मागतात. ते उमेदवाराने स्वतः लिहून आणावे व आपण सही करावी, ही प्रथा बंद व्हावी. परीक्षकांना दोन्ही लेखनांची धाटणी एक असल्याचे चटकन कळते. चार ओळी चालतील, पण त्या आपल्या असाव्यात. या तरुणाने आपल्या दवाखान्यात वा कारखान्यात नेमके काय बदलले, एखाद्या प्रसंगी तो कोठे कमी पडला व नंतर काय शिकला, एवढे त्यांत यावे. पत्र मराठीत लिहून इंग्रजी अनुवाद सोबत जोडावयाचा असल्यास संस्थेला तसे चालते काय, हे आधी विचारून घ्यावे. आणि मागणी आल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यावे. बहुतेक अर्जांची मुदत दिवाळीच्या आसपास संपत येते, आणि त्याच सुमारास आपण सारे धन्वंतरीपूजनाच्या व हिवाळी औषधांच्या गडबडीत असतो.